खाटेखालची भुई

आई, त्या सकाळी तुम्ही अंगणात सडा टाकत होतात आणि मी आत सारवत होते. माझ्या लग्नाला पंधरवडा झाला असेल. पाणी भरून झालं होतं, चहा झाला होता, मामाजी बैल घेऊन धानाच्या बांधीकडे गेले होते. तुमचा लेक अंगणात सायकल पुसत होता. मी शेणमाती कालवली आणि आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे मागे मागे सरकत आले, माहेरी शिकले होते तशी. फक्त मामाजींची खाट मध्ये होती, तिच्या भोवतीनं हात फिरवला. सागाची जड खाट, नवी नवरी मी, वाटलं खाली कोण बघतं. तुम्ही आत आलात ते दारातूनच वाकून खाटेखाली पाहिलंत.

“काऊन वो, खाटेखाली का शेजाऱ्याचं घर हाये?”

“खाट उचलवत नाही मला,” मी म्हटलं.

“मंग मले हाक माराले तोंड नव्हतं? धर तिकून.”

दोघींनी खाट उचलली. खाली पांढुरकी, कोरडी भुई आणि बिड्यांची थोटकं. तुम्ही कमरेवर हात ठेवून हसलात. “पाह्य, तुह्या सासऱ्याची तिजोरी.” तुमच्या लेकानं बाहेरून सगळं ऐकलं होतं. पुढे जन्मभर चिडवायचं असलं की तो मला शेजारीणबाई म्हणायचा.

त्याचं तुम्हाला अजून सांगितलेलं नाही. तो गेला, आई. तुमच्यानंतर पुष्कळ वर्षांनी, चंद्रपूरच्या दवाखान्यात, धान कापणीच्या दिवसांत. तेव्हा घर मातीचं राहिलं नव्हतं. त्यानं सिमेंटचं बांधलं, आणि बाजूला जीपसाठी एक खोली, शटर लावलेली. ती जीप तो ब्रह्मपुरीच्या रस्त्यावर चालवायचा, सवाऱ्या भरून. सवाऱ्यांचे सीटवर राहिलेले पेपर घरी आणायचा आणि त्यांतली अक्षरं जुळवत जुळवत मी नीट वाचायला शिकले. तो गेल्यावर जीप आलापल्लीच्या एका माणसाला विकली. खोलीत राहिला तो जमिनीवरचा डाग, सुपाएवढा, काळा. जीप तेल गाळायची. खाली परात ठेव म्हणून मी सांगायची, तो ठेवतो म्हणायचा आणि विसरायचा.

आता दुपारी गल्लीतल्या बायका माझ्याकडे येतात. मी पेपर वाचते, कधी पुस्तक वाचते, त्या ऐकतात, मध्येच भांडतात, पुन्हा ऐकतात. ओसरीत ऊन येतं म्हणून बसायला जीपची खोली करायचं ठरवलं. पण तिथलं सिमेंट भुगा सोडतं, उठलं की लुगडं मागून पांढरं होतं. ब्रह्मपुरीला रंगाच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, जमिनीचा वेगळा रंग येतो, पण आधी जमीन तयार करा. झाडा, सोड्यानं घासा, भेगा बुजवा, ॲसिडच्या पाण्यानं धुऊन चांगली वाळू द्या, आणि तेल राहू देऊ नका, तेलावरचा रंग सालीसारखा सुटतो.

सगळं तसंच केलं. हातांना फडकी बांधून ॲसिड टाकलं, जमीन फसफसली, मी धावत बाहेर येऊन खोकत बसले. जमीन वाळल्यावर तेल ओढायला डागावर आरागिरणीतला भुसा पसरून ठेवला. दुसऱ्या सकाळी भुसा काळा झाला होता. तो सुपलीत भरताना वास आला, आई. तुमचा लेक सांजच्याला घरी येऊन हात धुवायच्या आधी यायचा तोच वास. भुसा फेकला. डागावर पाणी शिंपडून पाहिलं तर धोप्या-अळूच्या पानावर राहावं तसं थेंब थेंब उभं राहिलं. म्हणजे तेल अजून आत होतं. तारेचा ब्रश हातात होता, तो मी ठेवून दिला.

मग रंग लावला. लाल. मागच्या भिंतीपासून सुरू करून शटरकडे सरकत आले, आणि डागाच्या भोवतीनं ब्रश फिरवला.

बाजूच्या घरची बाई शटरपाशी येऊन उभी राहिली. तुम्ही तिला ओळखत नाही, तुमच्यानंतर राहायला आली. तुमच्या लेकाला ओसरीतून घाटावर नेलं तेव्हा मागे राहून ती जागा तिनंच पुसली होती. मला उठावंही लागलं नव्हतं.

“बाई, रंग पुरला नाई का?”

“संपला,” मी म्हटलं.

अर्धा डबा माझ्या पायाशी उघडा होता. तिनं डब्याकडे पाहिलं, डागाकडे पाहिलं.

“राहू द्या मंग. तिथी मी बसत जाईन. माहं लुगडं तसंही कारंच असते, डाग दिसत नाई.”

ती गेली. मला मान वर करता आली नाही. माझा डाग राहावा म्हणून दुसऱ्या बाईनं रोज तेलात बसायचं, आणि मी डब्याचं झाकण लावत होते.

मामाजी गेले ती संध्याकाळ आठवली. माणसं घाटावरून परतायच्या आत तुम्ही शेण कालवून त्यांना ठेवलं होतं ती जागा सारवायला बसलात. मी करते म्हटलं तर हातानंच नको केलंत. “उद्या लोकं येतीन वो. कुठी बसवू त्याहिले?” एवढंच बोललात. डोळ्यांत पाणी नाही. पुढे माहेरी गेल्यावर मी बहिणीला सांगितलं, माझी सासू दगड आहे. पण तुमचा हात त्या एकाच जागी फिरत होता, सारवून झाल्यावरही कितीतरी वेळ फिरत होता. ते मी पाहिलं होतं, आणि बहिणीला ते सांगितलं नाही.

तुमच्या लेकाची खूण तुमच्याच सुनेनं पुसायची, हे तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगावं, म्हणून हे लिहायला घेतलं. बायकांना मी सगळं वाचून दाखवते, हे दाखवणार नाही. ब्रश ठेवला तो हात दुखत होता म्हणून नाही. भीती वाटली की एवढं निघालं तर मला शेजारीणबाई म्हणणारं कुणी इथं होतं, हे मलाच खरं वाटणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजूच्या बाईला हाक मारली. दोघींनी मिळून तो डाग घासला.