तीन फुटांवरचा फटका, मुलीच्या नावे

मी, वय त्रेसष्ट, धंद्याने गोल्फ खेळणारा आणि पुढे तो शिकवणारा, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवत आहे. अक्षर वाकडं आलं तरी डोकं सरळ आहे, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं आहे.

१. राहतं घर पत्नीच्या नावे. माझ्या पडत्या काळात ते तिच्याच शिवणकामावर चाललं. मी हरून आलो की विचारायची, "भोक होतं तिथेच होतं ना हो?" तेव्हा फार राग यायचा.

२. सव्विसाव्या वर्षी जिंकलेला मोठा चषक थोरल्या भावाला. "काठीने चेंडू ढकलायला अक्कल लागते होय?" असं तो पाहुण्यांसमोर म्हणाला होता. त्यात त्याने पेनं ठेवावीत.

३. काठ्यांची पिशवी माझ्या कॅडीला. अठरा वर्षं त्याने ती वाहिली आणि माझ्याबद्दल बाहेर चकार शब्द काढला नाही.

४. आता मुलगी. या कलमाला तीन दिवस लागले.

अठ्ठाविसाव्या वर्षी मी आघाडीवर होतो. शेवटच्या भोकापासून चेंडू तीन फुटांवर. मारताना मनगटाला आपोआप झटका बसला आणि चेंडू बाजूने निघून गेला. त्यानंतर जवळचा फटका आला की झटका ठरलेलाच. हळूहळू स्पर्धांची दारं बंद झाली. वर्तमानपत्रांना मी पाठदुखी सांगितली.

गेल्या वर्षी मुलीच्या मनगटात तोच झटका आला. तीही आता याच खेळावर पोट भरते. रडत म्हणाली, "बाबा, मी काय करू?" मी म्हणालो, "अगं, मलाही झालं होतं. महिनाभरात गेलं." तेव्हापासून ती रोज सहा तास सराव करते आणि स्वतःलाच बोल लावते.

बाळा, ते गेलं नाही. कधीच गेलं नाही. उपाय ठाऊक असता तर तुला दिला नसता का? मला काहीच करता येत नाही, आणि हे तोंडावर सांगायची हिंमतही नाही. म्हणून हे कलम माझ्या पश्चातच वाचून दाखवावं.

स्थळ: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळी
सही

साक्षीदार १, डॉक्टर: माझ्यासमोर सही केली. शुद्धीवर आहेत. सही

साक्षीदार २, कॅडी: सही करतो, पण चौथं कलम मला मान्य नाही. साहेब, अठरा वर्षं गप्प बसलो, आता नाही. ताईंना अंगणातून हाक मारली आहे. येत आहेत. सही