तुळशीपत्र ठेवलेला पाव

वसई, मंगळवार

प्रिय आशाताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकशील, म्हणून आधीच सांगतो, घरी सगळे ठणठणीत आहेत. अप्पासुद्धा. तीन किलोमीटरवर राहणाऱ्या बहिणीला पोस्टानं पत्र पाठवणारा माणूस एकतर वेडा असतो नाहीतर वकील, असं तुझा सेबॅस्टियन म्हणेल. म्हणू दे. शनिवारपासून तू फोनवर तीनदा विचारलंस, 'पाव कसा झाला रे?' आणि तिन्ही वेळा मी 'फर्स्ट क्लास' म्हणून विषय बदलला. फोनवर मला विनोद सुचतात. कागदावरही सुचतात, पण इथे खोडता तरी येतात.

ऋतिकाला पसंत पडलेल्या कौस्तुभचे आईवडील डोंबिवलीहून पहिल्यांदा आपल्याकडे येणार म्हटल्यावर तिनं जाहीर केलं, पोहे नाहीत, ब्रुस्केटा. जागृतीला वाटलं, मुलाकडचं आणखी कुणीतरी. 'किती माणसं येणार ते आधी सांगत जा गं,' म्हणाली. मग लेकीनं आईबापांना बसवून शिकवणी घेतली. इटलीचे लोक पाव भाजतात, त्यावर लसूण घासतात, तेल सोडून टोमॅटो ठेवतात आणि पाहुण्यांपुढे मिरवतात. आपण शिळ्या पोळीचा कुस्करा करतो आणि पाहुणा आला की कढईवर झाकण ठेवतो. फरक फक्त आत्मविश्वासाचा. ऑलिव्ह तेलाची बाटली बघून जागृती म्हणाली, 'हे आम्ही हिच्या मालिशला वापरलं होतं, आता हिच्या सासूला खायला घालायचं?'

तीन दिवस पिशवीतल्या स्लाइस ब्रेडवर प्रयोग झाले. टोमॅटोचं पाणी सुटून त्याचं पायपुसणं व्हायचं. आणि हे सगळं चोरून. तू लग्न करून गेल्यापासून घरात पाव येत नाही, तुला ठाऊक आहे. एकोणतीस वर्षं. अप्पांनी कधी 'आणू नका' म्हटलं नाही, पण ताटात दिसला की ते उठून वाडीत जायचे. म्हणून ऋतिकानं प्रयोगांना 'टोस्ट' म्हणायचं ठरवलं. टोस्ट म्हणजे बिस्किटाचा चुलतभाऊ, त्याला आपल्याकडे बंदी नाही.

शेवटी मी तुमच्या बेकरीत आलो. पापडीच्या रस्त्याला वळताना नेहमीसारखं चोरट्यासारखं वाटलं. तू गल्ल्यावर, हाताला पीठ, चष्मा कपाळावर. सेबॅस्टियननं भट्टीतून ताजा कडक पाव काढला आणि मला बजावलं, 'टोमॅटोच्या बिया काढ, मीठ लावून निथळू दे, आणि पाहुणे बसल्यावरच पावावर ठेव. आधी ठेवशील तर मला शिव्या घालशील.' तू चार जास्तीचे घातलेस आणि विचारलंस, 'घरातले बरे?' तू कधी 'अप्पा कसे आहेत' विचारत नाहीस. 'घरातले' या शब्दात त्यांना बसवतेस आणि उत्तर कान देऊन ऐकतेस. मग म्हणालीस, 'पाव कुठला ते सांगू नकोस, नाहीतर तुझ्या विहिरीत पडेल.' हसलीस. मीही हसलो. पिशवी उचलून घाईनं निघालो.

आता शनिवार. पाहुणे येऊन बसले आणि ऋतिकाच्या लक्षात आलं की बेझिल नाही. बेझिल म्हणजे त्यांची तुळस. तिनं मला बाजारात पिटाळलं. एक भाजीवाली म्हणाली, 'हा पाला इथं नाय मिळत, मॉलमध्ये जावा.' दुसरीनं पुदिना पुढे केला. मी रिकाम्या हातानं परतलो आणि मागच्या दारी वृंदावनातली पानं खुडली. गोरी काय, सावळी काय, तुळस ती तुळस. ऋतिकानं कपाळाला हात लावला, पण एकेका कापावर एकेक पान ठेवलं आणि ताट बाहेर नेलं.

अप्पा आरामखुर्चीत होते. ताट समोर आलं. ताई, ओळीनं मांडलेले काप, प्रत्येकावर तुळशीचं पान. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसानं काय समजायचं? त्यांनी पाण्याचा पेला उचलला, ताटाभोवती पाणी फिरवलं आणि डोळे मिटून हात जोडले. नैवेद्य! कौस्तुभच्या आईनं झटकन डोक्यावर पदर घेतला. त्याचे वडील मोबाईल खाली ठेवून उभे राहिले. मी ऋतिकाच्या कानात पुटपुटलो, 'अगं, लसूण आहे त्यात!' ती म्हणाली, 'बाबा, गप्प बसा, देव इटालियन असेल.' मग अप्पांनी एक काप उचलला. जागृतीनं माझं मनगट धरलं. त्यांनी कड बाजूला ठेवली, मधला मऊ भाग टोमॅटोसकट तोंडात घातला आणि बराच वेळ घोळवत राहिले. पाहुण्यांनी प्रसाद म्हणून दोन-दोन खाल्ले आणि लग्न तिथेच ठरलं.

पाहुणे गेल्यावर, उन्हं उतरताना, मी अप्पांजवळ बाजू सावरून घ्यायला गेलो. म्हटलं, अप्पा, ती आपली तुळस होती खरी, पण खाली... 'पाव होता,' ते म्हणाले. 'मला दात नाहीत, जीभ आहे. आशाच्या भट्टीचा ना?' मी मान हलवली. ते विहिरीकडे बघत बसले. आता तिच्यावर जाळी टाकलीय. मग म्हणाले, 'चांगला भाजतात रे. एवढी वर्षं तुझ्या जिभेपायी याला मुकलो.'

माझ्या जिभेपायी. ताई, आता खोडायला काही उरलं नाही. ते वाक्य तुला पाठ आहे. तू सेबॅस्टियनशी लग्न केलंस त्या आठवड्यात गावभर फिरलं होतं. पोर्तुगिजांनी विहिरीत पाव टाकून गावं बाटवली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली. त्यावर कुणीतरी म्हणालं, 'पूर्वी पाव विहिरीत पडायचा, आमची तर विहीरच जाऊन पावात पडली.' तुला लोकांनी सांगितलं, अप्पा म्हणाले. अप्पा नाही म्हणाले. मी म्हणालो. गावातल्या हरेश्वरच्या हळदीच्या मांडवात, तेवीस वर्षांचा, चार टवाळांच्या घोळक्यात. सगळे खो-खो हसले. तो माझा पहिला विनोद, ज्यावर एवढी माणसं हसली. त्या हसण्याच्या ओढीनं मी पुढे विनोदी लिहीत सुटलो, आणि लोक मला धारदार म्हणतात. दोन दिवसांत वाक्याला अप्पांचं नाव चिकटलं, कारण असल्या वाक्याला वडीलधारं नाव शोभतं. तू फाटकाशी येऊन विचारलंस, 'अप्पा, तुम्ही म्हणालात?' मी दाराआड होतो. अप्पांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तू समजलीस ते समजलीस. मी दाराआडच राहिलो. तेव्हापासून दर राखीपौर्णिमेला तुझं पाकीट येतं आणि मी निर्लज्जासारखी राखी बांधून घेतो.

शनिवारी पहिल्यांदा विचारलं, अप्पा, तेव्हा बोलला का नाहीत? म्हणाले, 'माझ्यावर रागावली तर मी गेल्यावर तुझ्याकडे तरी येईल. तुझ्यावर रागावली असती तर माझ्यामागे तिला माहेर कुठलं?' एवढं बोलून त्यांनी जागृतीकडे चहा मागितला.

हे पत्र त्यासाठी. तुझा राग चुकीच्या माणसाकडे ठेवलेला आहे, तो आता माझ्याकडे दे. राखी नाही आली तर मी विचारणार नाही. पण अप्पा आहेत तोवर ये. त्यांनी प्रसाद वाटताना घरातली माणसं मोजली आणि एक काप बाजूला काढला, 'आशाचा' म्हणून. तो त्यांच्या खोलीत कोनाड्यात वाटीखाली झाकून ठेवलाय. टोमॅटो काळा पडला, पावाचा दगड झाला, तुळस मात्र अजून वास देते. जागृती काल टाकायला गेली तर तिच्यावर ओरडले. मी म्हटलं, अप्पा, मी नेऊन देतो पापडीला, नाहीतर पोस्टानं पाठवतो. तर म्हणाले, प्रसाद पाठवायचा नसतो, ज्याचा त्यानं येऊन घ्यायचा असतो. फाटकाची कडी मी काढून ठेवली आहे. या वेळी दाराआड नसेन.

राखी असो वा नसो, तुझाच,
पलाद