कोणत्या बाटलीतून?

चिक्कडपल्ली, हैदराबाद
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय भूषण,
सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे ठीक आहोत. तुझी भाची शिवानी दवाखान्यातून घरी आली. आता वरणभात खाते आणि किशोरच्या, आपल्या बापाच्याच, चपला पळवते. आईचे गुडघे तसेच. सुलतान बाजारात तुझ्यासाठी दोन सुती शर्ट घेतलेत, आलास की देईन.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर आपण बोलत नाही, सभा घेतो. एक भाषण तुझं, एक माझं, आणि मागून आई विचारते, "अध्यक्ष कोण हाय रे?" म्हणून किशोरच्या हाती हे पत्र देऊन त्याला नांदेडला पाठवतेय. तुझं वाचून होईपर्यंत तो समोर बसून राहील.

"तुझा लहान मुलांच्या तापाचा व्हिडिओ आजच्या आज काढून टाक," एवढंच मी लिहिलं होतं. तुझं उत्तर आलं, "ज्ञानाच्या दारावर आता तूच पहारेकरी झालीस का, ताई?" वाक्य चांगलं आहे. चौदा एप्रिलला मंडपात टाळ्या पडल्या असत्या. अशी वाक्यं मीच तुला शिकवली, त्यामुळे मी त्यांना भीत नाही.

तुझ्या कानावर आलं ते खरं आहे. मेडिकलच्या आणि नर्सिंगच्या मुलांनी कोणते मोफत व्हिडिओ बघावेत, याची यादी आमचं कॉलेज करतंय. मराठी व्हिडिओ तपासायला मी आणि पुण्याची मृण्मयी आहोत. तुझा व्हिडिओ समोर आला तेव्हा मी लिहून दिलं, "हा माझा सख्खा भाऊ, माझे गुण धरू नका." मृण्मयीने एकटीने गुण दिले. जवळजवळ पैकीच्या पैकी.

"अगं, इतकं सोपं करून कोण शिकवतं?" ती म्हणाली. "डोसचं ते गाणं मला पाठ झालंय. ऑटोत गुणगुणत होते, ड्रायव्हर मागे वळून बघायला लागला."

दहा किलोचं बाळ, औषध सहा एमएल, दिवसात चार वेळा, ताप लगेच पळेल.

मी तिला एवढंच विचारलं, "कोणत्या बाटलीतून?"

ती हसली. मग हसायची थांबली आणि तिने व्हिडिओ पुन्हा लावला. पॅरासिटामॉलचं साधं सिरप असतं, दुप्पट ताकदीचं असतं, आणि तान्ह्या बाळांचे थेंब असतात. त्या थेंबांत साध्या सिरपच्या चौपट औषध. तुझा हिशेब साध्या सिरपचा आहे आणि तो बरोबर आहे. पण बाटली तू दाखवत नाहीस, नाव घेत नाहीस, दुसऱ्या बाटल्या असतात हेही सांगत नाहीस. मृण्मयीने आपले गुण स्वतःच्या हाताने खोडले.

तू म्हणशील, डॉक्टरला एवढं कळतं. कळतं. पण व्हिडिओच्या वर तूच लिहिलंयस, 'विद्यार्थ्यांसाठी आणि घरोघरच्या आयांसाठी'.

तू म्हणशील, परभणीच्या पोराला क्लासची फी झेपत नाही, त्याचा मीच एक मास्तर. अगदी खरं. म्हणूनच मी कडक आहे. ज्याच्या घरी चार पुस्तकं आहेत तो तुझी चूक पाचव्या मिनिटाला पकडेल. ज्याच्याकडे तू एकटाच आहेस, त्याने ती कुठे पकडायची? फुकट आहे म्हणून कमी तपासा, ही दया झाली. आपल्या बाबांनी जन्मात कुणाची दया घेतली नाही, आणि मी ती तुझ्या पदरात टाकणार नाही. धम्मसुद्धा ‘ये आणि स्वतः पाहा’ म्हणतो, हे आपण रोज वंदनेत म्हणतो. मग तुझ्या व्हिडिओलाच सूट कशी? चार लाख लोकांनी ऐकला म्हणतोस. तपासला किती जणांनी?

झालं माझं भाषण. आता जे लिहायला बसले ते लिहिते.

शिवानीला ताप आहे, एवढंच आम्ही तुला सांगितलं होतं. ताप होताच. मी परीक्षा घ्यायला वरंगलला होते. आईचा फोन आला, "लेकरू तापलंय, औषध देऊ का?" मी म्हटलं, दे. कोणत्या बाटलीतून, हे मीही विचारलं नाही. घरात थेंबांची बाटली होती. आईने त्यातला एक एमएलचा ड्रॉपर सहा वेळा भरला, आणि दिवसातून चार वेळा. बाटली दुपारीच संपली. किशोर दुसरी आणायला गेला तर मेडिकलवाला म्हणाला, "कल हीच तो ले गए भाई, इत्ती जल्दी खतम?" किशोरला वाटलं, सांडली असेल.

दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. यकृताचा रिपोर्ट हातात आला आणि मी, रोज असे रिपोर्ट वाचणारी बाई, वॉर्डातल्या जमिनीवर बसले. उताऱ्याचं औषध वेळेत मिळालं म्हणून पोर वाचली.

तुझ्यापासून हे लपवलं, कारण आईने शपथ घातली होती. "भूषणला नको सांगू गं. माझ्या हातनं झालं. तो हाय खाईल."

तिला वाटतं, मोजताना तीच चुकली. ती आता शिवानीला उचलत नाही. पाण्याचा पेलासुद्धा किशोरच्या हातात देते. आणि दुपारी सगळं आवरलं की फोन कानाशी धरून तुझा व्हिडिओ लावते. मागे नेते, परत लावते, बोटांवर मोजते. आपण कुठे चुकलो ते शोधते. तिला ते सापडत नाही, भूषण. सापडणारही नाही. तू सांगितलंस ते तिने जसंच्या तसं केलं.

मी सांगून बघितलं. "माझा भूषण चुकीचं शिकवंल का?" म्हणाली, आणि उठून गेली.

म्हणून किशोरसमोरच तो व्हिडिओ काढून टाक. नवा कर, आणि त्यात आधी चूक सांग, तितक्याच मोठ्या आवाजात. पण उद्या दुपारी तिला फोनमध्ये तो सापडला नाही तर तिला वाटेल, आपल्यापायी पोराचं काम गेलं. परतीची दोन तिकिटं किशोरच्या खिशात आहेत, त्यातलं एक तुझं. तिच्यापुढे साध्या सिरपची आणि थेंबांची, दोन्ही बाटल्या ठेव आणि तुझ्या तोंडाने सांग, ती चुकली नव्हती. माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकते, हाच तर सगळा घोळ आहे.

हे लिहितानाही पलीकडच्या खोलीतून तुझाच आवाज येतोय.

तो आवाज घराच्या दारात ऐकायला थांबलेली,
तुझी ताई
रेणुका