आबांच्या डोळ्यातली माय

माय, काल माझ्या नातीनं माझ्या डोळ्याचा फोटो काढला. तिच्या कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स आहे, मुंगीचा पायसुद्धा काठीएवढा दिसतो म्हणे. "आजी, पापणी हलवू नको," एवढं म्हणाली, बोट दाबलं आणि झालं. लगेच मला दाखवलाही. बुबुळाच्या काळ्यात खिडकी, खिडकीपुढे ती, हातात कॅमेरा. "असलं कधी बघितलं होतंस का?" हे मलाच विचारते. मी म्हटलं, निजामाच्या राज्यात बघितलंय, आणि त्यापायी माझी कंबर आठवडाभर धरली होती. तिला ती थापच वाटली. सगळं सांगायला बसणार होते, पण मनात आलं, हे आधी तुला सांगायचं राहिलंय. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून कधी लिहायला बसले नाही. आज बसले आहे.

तू फोटोला बसत नव्हतीस. आपल्या केदारखेड्याच्या घरात गोषा कडक. थोरल्या काकांसमोर तू कधी पदर कपाळाच्या वर जाऊ दिला नाहीस, आणि काका तर दिवसभर अंगणातल्या बाजेवर. पण मी काही परका पुरुष नव्हते. तुझ्या जावयाचं जालन्यात फोटोचं दुकान, आणि ज्या घरांत पुरुषाला आत जाता येत नसे तिथं भात्याचा कॅमेरा घेऊन मी जायचे. लोकांच्या सासवा, सुना, नव्या नवऱ्या मी कॅमेऱ्यापुढे बसवल्या, माझी आई तेवढी बसेना. दिव्याखाली अंधार, असं तुझा जावई चिडवायचा. तुला विचारलं की तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, "हातच्या काकनाला आरसा कशाला? मी समोर हाय, बघून घे." एकदा मात्र खरं कारण बोललीस. "घरात कोन आलं तर मी पदर ओढते. त्या कागदावरच्या बाईला पदर ओढता येतो का? कुनाच्या हातात जाईल, कोन बघंल, तिला बिचारीला काय कळनार." त्यानंतर मी तुला विचारायचं सोडलं, माय.

मग निजामाच्या राज्याचं ते शेवटचं, धाकाचं वर्ष आलं. जालन्यात दिवस मावळला की दारं लागायची. ओळखीची बिऱ्हाडं एकेक करून हद्द ओलांडून वऱ्हाडात चालली होती, आणि तुझ्या जावयानंही दुकान तिकडं न्यायचं ठरवलं. मी निरोप घ्यायला आले. तू आणि आबा येणार नव्हतात. "गुरं कोन बघंल?" या तुझ्या एका प्रश्नापुढे कुणाचं काही चाललं नाही. चुलीपाशी बसून मी म्हटलं, माय, पुन्हा भेट होईल न होईल. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तुझ्या बहिनीचा आवाज येतो मला अजून. तोंड न्हाई आठवत. आठवाया गेलं की तुझंच तोंड पुढं येतं." माझी धाकटी बहीण तापात गेली तेव्हा मी चांगली जाणती होते, तरी मला कुठं आठवत होतं तिचं तोंड? मला रडू आलं, आणि रडता रडता रागही आला. तिचं गेलं तसं तुझं तोंड मी जाऊ देणार नाही, हे मी तिथंच, त्या चुलीच्या धुरात ठरवलं. तू हट्टी तर मी तुझीच लेक.

त्याच दुपारी आबा खळ्यावरून डोळा चोळत आले. गव्हाचं कुसळ गेलं होतं. तू त्यांना दाराशी उजेडात बसवलंस, पदराच्या टोकाला पीळ देऊन कुसळ अलगद काढलंस, आणि हसलीस. "अगं, ह्यांच्या डोळ्यात मी दिसून राह्यले. तूरडाळीएवढी." मी वाकून बघितलं, तर खरंच. मी म्हटलं, माय, मी तुझा फोटो काढत नाही. आबांच्या डोळ्याचा काढते, तू नुसती समोर बस. आबा म्हणाले, "माझा डोळा काय देवाचा हाय का, फोटू काढाया?" तू पदराचा पीळ सोडवत बसलीस. शेवटी विचारलंस, "तोंड केवढं येईल?" डाळीएवढंही नाही, मी सांगितलं. "मंग चालंल. एवढ्याशात कोन वळखतंय? अन् जो वळखंल तो आपलाच."

बैलगाडीत कॅमेरा मांडीवर धरून मी जालन्याहून आणला. भाता पूर्ण ओढला तेव्हा कुठं डोळा कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर मोठा दिसायला लागला, आणि लेन्स तर आबांच्या नाकाला टेकायला आली. तू दाराकडे पाठ करून बसलीस, पदर नेहमीसारखा पुढं. घाईघाईत काढलं आणि जालन्याला जाऊन प्लेट, म्हणजे फोटोची काच, धुतली, तर पापणीचा केस न् केस बाभळीच्या काट्यासारखा लख्ख, बुबुळात उजेडाचं दार, आणि दारापुढे एक काळं गाठोडं. तुझा जावई म्हणाला, "दार बाकी झकास आलंय." तेव्हा मला दोन गोष्टी कळल्या. ऊन तुझ्या पाठीवर नको, तोंडावर पाहिजे. आणि डोळ्यातलं माणूस पापणीवर बसलेलं नसतं, ते जरा आत असतं. पापणी स्पष्ट केली की ते पुसट होतं. सामान बांधून झालं होतं. "आता पुरे, कॅमेरा पेटीत जाऊ दे," असं तो म्हणाला. मी पेटीची दोरी सोडली आणि पुन्हा गाडी जुंपायला लावली.

"उन्हात बसावं लागंल," मी तुला म्हटलं, "अंगनात. पदर मागं घेऊन." अंगणात म्हणजे थोरल्या काकांसमोर. मला वाटलं, इथं सगळं संपलं. तू हातावर पाणी घेतलंस, हात पुसलेस, आणि आबांना म्हणालीस, "भावजींना म्हनावं, घडीभर तोंड तिकडं करा." इतक्या वर्षांच्या संसारात तू त्यांना कधी निरोप धाडला नव्हता. काकांनी कारण विचारलं नाही. बाज फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. आबा ओसरीच्या सावलीत, डोकं खांबाला टेकवून. त्यांच्यापुढे कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला, भर उन्हात, तू. पदर अंबाड्यापर्यंत मागं गेलेला. तुझं कपाळ मी पहिल्यांदाच असं उन्हात बघत होते. गोंदण हिरवंगार दिसत होतं. मी तोंड वळवून काळ्या कापडाखाली शिरले, नाहीतर तिथंच रडले असते.

मी लेन्सची टोपी काढते आणि तेवढ्यात भिंतीकडून काका विचारतात, "झालं का रे? जल्दी करा, भिंत तोंडपाठ झाली माझी." आबांना हसू फुटतं, डोळा हलतो, प्लेट वाया. आता एकच उरलेली. मला वाटतं तू उठणार. तू उठत नाहीस. तू त्या पाठीकडे बघून, मोठ्यानं, म्हणतेस, "भावजी, दम धरा जरा." आबांचं हसू जागच्या जागी विरतं. तू थोरल्या दिरांशी बोललीस, उघड्या तोंडानं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. मी तुला बजावते, आबांकडं बघ, हलू नको. टोपी काढते. आबांच्या पापणीवर माझी अशी नजर, की दुसरं काही दिसतच नाही. टोपी लावते.

आम्ही गेलो. मग हद्दीवरचं येणंजाणं बंद झालं. पोळ्याच्या सुमारास हिवतापानं तुला नेलं, आणि मला कळलं ते दिवाळीनंतर, परत आल्यावर, आबांच्या तोंडून. ते एवढंच म्हणाले, "तुझी माय रोज इचारायची. तोंड आलं का बराबर? आता तिला काय सांगू?" माझ्याकडे तेव्हा उत्तर होतं, माय, आणि ते घेऊन मी हद्दीपलीकडे बसून राहिले होते. याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून आज सांगते, आलं.

तो शेवटचा फोटो मोठा केला तेव्हा नीट दिसलं. आबांच्या बुबुळात मधोमध कॅमेऱ्याचा काळा चौकोन, एका बाजूला टोपी धरून मी, दुसऱ्या बाजूला ऊन पडलेली तू. आपल्या दोघींचा एकत्र असा हा एकच फोटो. मी तुला आबांकडे बघायला सांगितलं होतं. तसं बघत असतीस तर अंबाडा डोक्यामागे झाकला गेला असता. तो माझ्या उलट अंगाला बाहेर आलेला दिसतोय. हा फोटो मी कुणाला दाखवलेला नाही, नातीलाही नाही, कारण "जो वळखंल तो आपलाच" या तुझ्या परवानगीत ती बसते की नाही हे मला ठरवता येत नाही. पत्रही त्याच पाकिटात ठेवीन. फक्त एक कबूल करते. तोंड आलं म्हटलं खरं, पण ते इतकं बारीक आहे की नाक, डोळे, गोंदण, यातलं काहीच उमटलेलं नाही. ते दरवेळी मीच भरते. मान मात्र माझ्याकडे वळलेली आहे, आणि ती मी भरलेली नाही.