मस्कत काही लांब नव्हते

तीर्थरूप अण्णा,

या ओळीखाली साष्टांग नमस्कार लिहायचा, हे तुम्हीच शिकवलेत. आज तो लिहीत नाही. काल तुमचे तेरावे झाले. उद्या मी मस्कतला परत निघेन. आज सकाळी आईने जे सांगितले, त्याचा जाब तुम्हाला विचारल्यावाचून मला निघता येत नाही. उत्तर येणार नाही, हे ठाऊक असूनही!

आचऱ्याच्या शाळेत भूगोल कोण शिकवत होते? नकाशावर दोरा धरून अंतर काढायला आम्हाला कोणी लावले? मी नोकरीवर निघालो तेव्हा मुंबई ते मस्कत असाच दोरा धरून तुम्ही खुशीत म्हणाला होतात, "सोळाशे किलोमीटरच्या आतच. विमानाला अडीच तास. अरे, आपल्या एसटीला नुसती मुंबई गाठायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो!"

मग आठवडाभर तुम्ही अंथरुणावर होता, शुद्धीवर होता, तेव्हा हे गणित कुठे गेले होते? मला मिळाली ती तार तुम्ही आठवडाभराच्या आजाराने गेल्याची. मी पोचलो तेव्हा काकांनी अग्नी दिलाही होता.

मला आधी का कळवले नाही, असे त्यांना विचारले, तर पडवीतून म्हणतात, "इंजिनेरा, तुजा इमान काय आमच्या खळ्यात उतारतला?"

न उतरो विमान अंगणात! मुंबईहून चालत आलो असतो.

आज आई म्हणाली, तुला बोलवायचे की नाही याचा देवळात कौल लावला होता. मी तिच्यावर तुटून पडलो. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आणि त्यावर मुलाने बापाचे तोंड पाहायचे की नाही हे ठरवायचे? शिक्षकाच्या घरात?

ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "माज्यार कित्याक ओरडतस? पयलो कौल उजवोच इल्लो. दुसरोय उजवो. तेंनीच माका परत परत धाडल्यानी. म्हणाले, झिलाची नोकरी नयी आसा, सायब सुट्टी देवचो नाय. आणि एकदा इचार."

तिसऱ्यांदा पाकळी डावीकडे पडली, आणि तेवढी तुम्ही मानलीत.

अण्णा, उत्तर मनासारखे येईपर्यंत तेच गणित पुन्हा सोडवणाऱ्या मुलाला तुम्ही बाकावर उभे करीत होता. मी कधी कौल मानला नाही. पण या एका प्रकरणात देवाचे बरोबर होते आणि चूक तुमची होती. देवाने दोनदा मला बोलावले. तुम्ही दोनदा त्याला गप्प केलेत.

आणि ज्या साहेबाला तुम्ही इतके भ्यालात ना? त्या परक्या माणसाने तार वाचून उभ्या उभ्या माझी रजा मंजूर केली. वर विचारले, "वडील आजारी होते, तर आधीच का नाही गेलास?"

माझ्या वतीने निर्णय घ्यायला तुम्हाला कोणी सांगितले होते? नोकरी माझी होती. बापही माझाच होता.

आता ऐका. आईला मी बजावले आहे की तिला साधा ताप आला तरी तार करायची. आधी देवाला विचारायचे नाही, काकांना नाही, शेजाऱ्यांना नाही. तार हातात पडली की मी निघेन. साहेब नाही म्हणाला, तर राजीनामा देऊन निघेन. तुम्ही जपून ठेवलेली ही नोकरी तिच्यासाठी एका सहीत सोडेन, हे तुम्हाला वचन देतो. आवडले नाही, तरी या वेळी तुम्हाला विचारणार नाही.

तुम्ही न बोलावलेला,
तुमचा मुलगा