सूप म्हणजे मासे नव्हेत

येलहंका, बंगळूर
८ जानेवारी १९९६

चि. मथुरा हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या मोतीबिंदूची तारीख इथल्या डॉक्टरांनी १९ फेब्रुवारी दिली आहे. चार दिवस आधी ये आणि नंतर महिनाभर राहा. मल्हारला तसं सांग. तुझ्या सुनेलाही एकदा घर तिच्या मनासारखं चालवू दे.

स्वानंदीला तिच्या कंपनीने तीन महिने फ्रान्सला, मार्सेला पाठवलं होतं. तिथून तिने माशांच्या एका सुपाची कृती लिहून आणली, आणि निवृत्त बाप घरात रिकामा दिसल्यामुळे करायचं काम माझ्याकडे आलं. कांदा, टोमॅटो, लसूण, बडीशेप, केशर, संत्र्याची साल, चार तऱ्हेचे मासे आणि ऑलिव्हचं तेल. हे तेल इथे औषधाच्या दुकानात मिळतं, तान्ह्या मुलांना चोळायचं म्हणून. मी चार बाटल्या मागितल्या, तेव्हा दुकानदार हयवदनने नातू केवढा आहे म्हणून आस्थेने चौकशी केली.

पहिला प्रयत्न फसला. शिवाजीनगरच्या बाजारात मंगळूरची मासळी येते, ती आणली. कोळणीने डोकी काढून टाकू का असं विचारलं, मी जाणकारासारखा कानडीत सरी, म्हणजे चालेल, म्हणालो. झालं ते नुसतं पिवळं पाणी. कुठे चुकलं ते कळव.

मुद्दा असा, की हे सूप तू आल्यावर तुला द्यायचं आहे. तू मासे सोडलेस हे मी विसरलेलो नाही. पण यात खोबरं नाही, कोकम नाही, तिरफळ नाही. आपल्याकडच्या रीतीने ही माशांची आमटी ठरतच नाही. सूप म्हणजे मासे नव्हेत. शांतपणे विचार कर.

बाकी क्षेम. आजवर लोभ ठेवलास तसाच पुढेही ठेव.

पुरुषोत्तमदादा


वेंगुर्ले
१९ जानेवारी १९९६

ती. दादास मथुराचे शि. सा. न. वि. वि.

पत्र भिंगातून वाचलं, त्यामुळे दोन दिवस लागले.

डोकी टाकलीस तिथेच चुकलास. साठी उलटली तरी बाजारहाटाची अक्कल नाही. सुचेतावहिनी होती म्हणून तुझं निभावलं. तांबोशी मिळाली तर घे. डोकी आणि काटे कांद्याबरोबर तेलात परत, पाणी घालून अर्धा तास उकळ आणि गाळून घे. सगळी चव त्या पाण्यात असते. कल्ले मात्र आधी काढ, नाहीतर कडू होईल. जाड तुकड्या आधी सोड, कोलंबी अगदी शेवटी. केशर बेताने घाल, तुला श्रीखंड करायचं नाहीये.

आता तुझा मुद्दा. मासा आमटीत पडला काय नि सुपात पडला काय, तो मासाच. मल्हारचे बाबा गेले, त्याच्या तेराव्या दिवशी तू मला देवासमोर नेलंस, नारळ ठेवायला लावलास आणि मासे सोड म्हणालास. नाही सोडलेस तर लोक बोलतील म्हणालास. मी एकतीस वर्षांची होते, मल्हार चार वर्षांचा. त्याला सव्वीस वर्षं झाली. घरात मासे रोज मीच करते, सगळ्यांना वाढते आणि मग माझा डाळभात घेऊन बसते.

मला त्याचं काही वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. फार वाटलं. आणि आता तू मला मागच्या दाराने आत घेऊ बघतोस. ते मला नको. पुढचं दार तू लावलंस, तर पुढचंच उघड.

स्वानंदीला आशीर्वाद. मी रागावले म्हणून माझी माया आटलेली नाही. तुझीही आटू नये.

मथुरा


येलहंका, बंगळूर
३० जानेवारी १९९६

चि. मथुरा हिस आशीर्वाद.

तुझ्या सांगण्याप्रमाणे दुसऱ्यांदा केलं. तांबोशी मिळाली. डोकी ठेवली, कल्ले काढले. रस दाट आला, रंगही धरला. पाव भाजून त्याला लसणीचं वाटण लावायचं आणि तो सुपात बुडवायचा असतो. स्वानंदी दोन वाडगे प्यायली आणि तिथल्यासारखं झालंय म्हणाली.

जेवणं झाल्यावर तुझं पत्र मी तिला वाचायला दिलं. तिने वाचलं, घडी घातली आणि एवढंच विचारलं, की आई गेल्यावर बाबा, तुम्ही काय सोडलंत.

मी आठवून पाहिलं. काहीच नाही. सुचेता गेली, त्याच्या पंधराव्या दिवशी मी सुरमई खाल्ली. शेजारच्यांनी डबा भरून आणून दिला, एकटे पडले बिचारे म्हणून. कोणी काही बोललं नाही. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि आता तेच टोचतं.

मथुरा, मी चुकलो. लोक काही बोललेच नव्हते. त्यांनी तोंड उघडायच्या आधी मीच बोलून मोकळा झालो. भीती मला होती आणि भोगलंस तू. हे पत्र मल्हारकडून घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घे. मासे खायचे की नाही हे तू ठरव. त्यात मी पुन्हा तोंड घालणार नाही.

लोभ मागायला आज संकोच वाटतो. तरी मागतो.

दादा


वेंगुर्ले
८ फेब्रुवारी १९९६

ती. दादास शि. सा. न.

मल्हारने पत्र सगळ्यांसमोर वाचलं. मध्येच थांबला, पाणी प्यायला, मग उरलेलं वाचलं. तू चुकलो म्हणालास म्हणून सव्वीस वर्षं परत येत नाहीत, तेव्हा लगेच हलकं वाटून घेऊ नकोस. पण मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

मी १४ तारखेच्या गाडीने निघते, मल्हार पोचवायला येईल. तुझं सूप जरूर कर, आणि मासे म्हणून वाढ.

मात्र तोवर मला धीर धरवला नाही. काल बांगड्याचं तिखलं केलं आणि सगळ्यांबरोबर माझंही ताट वाढून घेतलं. सून भाकरी वाढता वाढता थांबली, मग तिने एक मोठा बांगडा निवडून माझ्या ताटात घातला. मी पहिला घास घेतला. दादा, तिखलं खारट होतं. चांगलं सणसणीत खारट. आज हात चुकला म्हणाले, तर सून मान खाली घालून म्हणाली, की रोजच असतं, पण चाखायची बंदी असलेल्या माणसाला सांगायचं कसं.

मला आधी हसू आलं, मग रडूच आवरेना. मल्हारला विचारलं, तू तरी कधी बोलायचं होतंस. तर म्हणाला, त्याला वाटायचं मासे समुद्रातले, ते असेच लागत असणार.

लोभ होताच, तो आहे.

तुझी मथुरा