कमानीचा एकविसावा दगड

६ जानेवारी

नेमणुकीचं पत्र आलं. अकरा महिने. विद्यापीठाला शंभर वर्षं होतायत, आवारातल्या इमारतींचा इतिहास छापायचाय. दहा प्रकरणं, त्यातली चार माझ्याकडे. पत्र तीनदा वाचलं – चुकून दुसऱ्या कुणाचं तर आलं नाही ना! मग आई-बाबांना वाचून दाखवलं. घरात कागद आला की तो माझ्याच हातात येतो. शाळेत गेलेली मी पहिलीच.

बाबांनी एवढंच विचारलं, "माझी कमान आहे ना त्यात?"

आहे. दक्षिण दरवाजा, प्रकरण नववं.

आई म्हणाली, "झालं. आता आठवडाभर दुसरा विषय नाही. यांचं लग्न त्या दगडांशीच लावायला हवं होतं."

९ जानेवारी

टेबल मिळालं, खिडकीजवळ. खुर्चीचा एक पाय आखूड. सांगावं की न सांगावं – नाही सांगितलं. पुठ्ठा घडी करून खाली घातला.

१७ जानेवारी

सभागृहाचे खांब पोकळ आहेत. गच्चीवरचं पाणी त्यांच्यातून खाली उतरतं. शंभर वर्षं लोक त्यांना टेकून भाषणं ऐकतायत आणि कुणाला पत्ता नाही. चित्रकलेच्या वर्गांच्या खिडक्या सगळ्या उत्तरेला, का तर कागदावर ऊन पडू नये. रोज ज्या भिंतींच्या कडेनं जात होते, त्या कुणीतरी विचार करून बांधल्या होत्या, हे आज कळतंय. लाज वाटली थोडी.

२४ जानेवारी

कमानीची फाईल मिळाली. ही कमान मुळात ग्रंथालयाच्या दाराची. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ग्रंथालय वाढवलं तेव्हा दगड दगड करून उतरवली, प्रत्येकाच्या पाठीवर आकडा कोरला, आणि दक्षिण दरवाजाशी पुन्हा उभी केली. एकतीस दगड. बाबा तेव्हा चोवीस वर्षांचे, गवंडी.

दहा महिन्यांत तडा गेला. लोखंडी पट्ट्या ठोकून थांबवला. त्या पट्ट्या मला लहानपणापासून माहीत. बाबा म्हणायचे, जमीन खचली.

चौकशीचा निकाल अर्ध्या पानाचा. आकडे घालताना ड्राफ्ट्समनकडून चूक झाली, सबब कामावरून कमी करण्यात येत आहे. त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

त्याच फाईलमध्ये त्यांच्या बायकोचे सात अर्ज. "माझ्या नवऱ्याने आकडे बरोबर घातले होते. कृपया तपासून पाहावे." दर पाच-सहा वर्षांनी एक. शेवटच्यात अक्षर थरथरतंय आणि "नवऱ्याने"च्या आधी "कैलासवासी" आलंय. एकावरही शेरा नाही. फक्त आवक क्रमांक.

२ फेब्रुवारी

शताब्दीसाठी कमानीची दुरुस्ती चालू झाली. पट्ट्या काढल्या, पाठीमागचा गिलावा सोलला. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "परांचीवर चढून बघून या. आकडे दिसतील. फोटो काढा." आणि वर, "पडू नका, विमा नाही तुमचा."

चढले. आकडे अगदी स्वच्छ, सुंदर कोरलेले. एकेका दगडावरचा आकडा मूळ नकाशातल्या मापांशी ताडून पाहिला. एकतीसच्या एकतीस बरोबर. ड्राफ्ट्समनची चूक नव्हतीच!

पण बाराव्या जागी एकवीस बसलाय. एकविसाव्या जागी बारा. एकवीस तिथे मावत नव्हता म्हणून दोन्ही कडांनी छिन्नीनं तासलाय. बाराच्या फटीत दगडाच्या चिपा भरल्यात. तडा तिथूनच.

पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजले. खालून मिस्त्री ओरडला, "बाई, दगड वाढायचे नाहीत हो मोजून."

३ फेब्रुवारी

एक आठवण डोक्यातून जात नाही. मी पहिलीत होते. बाबा कामावरून आले की हातपाय धुण्याआधी पाटी पुढे करायचे. "बारा काढून दाखव." मी काढायचे. "आता एकवीस." काढायचे. मग बराच वेळ बघत बसायचे. इतर कुठलाच आकडा कधी विचारला नाही. मला वाटायचं, हा आमचा खेळ.

४ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही.

७ फेब्रुवारी

आज बाबांशी बोलले. आई बाहेर गेली होती. फोटो दाखवायची गरजच पडली नाही, "गिलावा काढला" एवढं म्हटलं तर हातातला पेला खाली ठेवला त्यांनी.

"एक ते नऊ येत होते मला," म्हणाले. "पुढं दोन दोन आले की कुठला आधी, ते कळायचं नाही. ओळंबा, गुण्या, दोरी – एवढ्यावर निभलं सगळं. त्या दिवशी साहेब, मुकादम, सगळे खाली उभे. चोवीस वर्षांचा गडी मी, सगळ्यांत सफाईदार हात माझा म्हणून कमान दिलेली. वरून विचारू कसं, हा कितवा म्हणून?"

"आणि चौकशीत?"

"आकड्यांप्रमाणंच लावले म्हणालो."

नळ ठिबकत होता.

"तो ड्राफ्ट्समन माझ्याकडं बघत होता," म्हणाले. "बोलला काही नाही. मला वाटतं त्याला कळलं होतं."

मला राग आलाय की नाही तेसुद्धा कळत नाही. ज्या हातांनी मला शाळेच्या दारापर्यंत नेलं, तेच हात.

१२ फेब्रुवारी

बाईंना आकड्यांचं सांगितलं. माझी समजूत होती, जाऊ द्या म्हणतील. त्यांनी नकाशा आणि फोटो शेजारी ठेवून अर्धा तास पाहिलं. "लिहा. त्या बाईंचे सातही अर्ज लिहा. गवंडी कोण होता?"

हजेरीपटात अकरा गवंडी आहेत. कमानीवर कोण, ते कुठेच नाही.

"माहीत नाही," म्हणाले मी.

नोकरीतलं पहिलं खोटं. पस्तिसाव्या दिवशी.

१८ फेब्रुवारी

अकरांपैकी एकटे बाबाच हयात आहेत. समारंभात त्यांना मंचावर बोलावून मानपत्र द्यायचं ठरलं. बाईंनी किती आनंदानं सांगितलं! मी हसले. हसता येतं, हे एक बरं.

२३ फेब्रुवारी

प्रकरण पुरं केलं. ड्राफ्ट्समनचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि आकडे निर्दोष होते हे. पुढे – "एका गवंड्याकडून दोन दगडांची अदलाबदल झाली."

बाबांनी वाचून दाखवायला सांगितलं. दाखवलं. आई भिंतीला टेकून उभी होती. तिलाही माहीत होतं तर. इतकी वर्षं.

"एका गवंड्याकडून?" बाबा म्हणाले. "त्याला नाव नव्हतं का?"

"बाबा, गरज नाही. त्यांचा दोष पुसला गेला, तेवढं पुरे."

"त्याचं नाव घालून त्याला काढला होता. माझं नाव घाल. आणि ते मंचाबिंचाचं नको म्हणून सांग तुझ्या बाईंना."

आई म्हणाली, "लोक काय म्हणतील याचा तरी—"

"चव्वेचाळीस वर्षं काहीच म्हणाले नाहीत, तेच जड झालं."

२४ फेब्रुवारी

नाव घातलं. खोडलं. घातलं.

२६ फेब्रुवारी

प्रकरण छापखान्यात गेलं. नाव नाही त्यात. नाहीच झालं माझ्याच्यानं. मंचाचंही बाईंना बोलले नाही. बाबांना सांगितलं – घातलंय. त्यांना कसं कळणार? हे वाक्य लिहिलं आणि माझंच मला वाचवेना.

९ मार्च

कच्चं छापील पान आलं. बाबांनी मागितलं. "दाखव कुठं ते." मी ओळीवर बोट ठेवलं. "हे तुमचं नाव."

पान उजेडात नेलं. ओळ पाहिली, वरची पाहिली, खालची पाहिली. मग घडी न घालता माझ्या हातात परत दिलं.

"पस्तीस वर्षं हजेरीपटावर अंगठा लावलाय, पोरी. आपलं नाव कुठलं, तेवढं येतं मला ओळखायला."

छापखाना सातपर्यंत उघडा असतो. निघाले. बाबा चपला घालून दारात उभे आहेत, म्हणाले, बरोबर येतो.